वायके ऐवजी वायके

भीमराज सायकलची घंटी वाजवत नाही, ही गोष्ट काही केल्या माझ्या मनातून जात नाही.

एरवी तो चावडीच्या वळणापासूनच घंटी वाजवत यायचा. रस्त्यात कुत्रंसुद्धा नसलं तरी. मी चुलीवर तवा ठेवायची ती घंटी ऐकूनच. हल्ली तो सायकल हातात धरून ढकलत येतो. चेनची नुसती टिकटिक ऐकू येते आणि दारात आला की मग कळतं, आला. विचारलं तर म्हणतो, "पैदल बरं वाटते आई. जेवण पचते."

सायकलच्या दोन्ही चाकांत हवा नसते, हे तो सांगत नाही. ते मला माझ्या डोळ्यांनी पाहावं लागलं.

भीमराज थूल माझा एकुलता एक मुलगा. वय वीस. राळेगावच्या ग्रामपंचायतीत मदतनीस आहे. त्याच्या नावावर शेत नाही, घर नाही; एक पुस्तक आहे. उद्या संध्याकाळी त्या पुस्तकाचा सत्कार ठेवलेला आहे आणि त्या सत्काराला त्यानं एकट्यानं यावं असा निरोप आहे. काही बरंवाईट झालं तर लोक आपापल्या सोयीनं सांगतील. म्हणून तो कोण होता ते मी लिहून ठेवते आहे.

होता नव्हे, आहे. आत्ता आतल्या खोलीत झोपला आहे. पाय खाटेच्या बाहेर आले आहेत, नेहमीसारखे.

छप्पन साली आम्ही नागपूरला दीक्षेला गेलो तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्याचे वडील त्याच्या आधीच्या वर्षी वारले होते. मी इंटरपर्यंत नागपुरातच शिकलेली, त्यामुळे रस्ते माहीत होते, पण त्या दिवशी रस्ते दिसतच नव्हते, माणसंच माणसं. पांढरी लुगडी, पांढरे सदरे. त्यात भीमराजचा हात सुटला. मी वेड्यासारखी हाका मारत फिरले. सापडला तो एका खांबाखाली. खांबाला लाउडस्पीकरचा कर्णा बांधलेला होता आणि हा मान वर करून त्याच्या तोंडात पाहत उभा. मी पाठीत धपाटा घातला. त्यानं विचारलं, "आई, बोलणारा इतका दूर हाय, मंग आवाज इथं कसा आला?"

आम्ही त्या दिवशी धर्म बदलून आलो. पोरगं सोबत कर्णाही घेऊन आलं, असं मी पुढं कितीतरी वर्षं थट्टेनं सांगायची.

मॅट्रिक झाल्यावर पंचायतीत लागला आणि पंचायतीचा रेडिओ त्याच्या ताब्यात आला. त्याच्यासाठी तीच खरी नोकरी. संध्याकाळी कडुनिंबाखाली रेडिओ लावायचा, शेतकऱ्यांचे कार्यक्रम, कापसाचे भाव, बातम्या ऐकवायच्या आणि कुलूप घालून ठेवायचा. बॅटरी उतरली की एस्टीच्या टपावर टाकून यवतमाळला चार्ज करून आणायची. टपावर कसली, हा ती मांडीवर घेऊन बसायचा. कंडक्टर म्हणे, "लेकराले दूध पाजलं का भीमराज?"

कडुनिंबाच्या पारावर शेतकरी मंडळी बसत. आमच्या वस्तीची माणसं पलीकडं दगडांवर. कोणी तसं सांगितलेलं नव्हतं, बसत एवढंच. रेडिओला जोडलेला कर्णा फांदीला बांधलेला, त्याचं तोंड पाराकडं होतं. भीमराजनं ताबा घेतल्यावर काही दिवसांत ते हळूहळू वळलं. रोज बोटभर वळवायचा. शेवटी पाराला आणि दगडांना सारखंच ऐकू येऊ लागलं आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मागच्या वर्षी दर गुरुवारी रेडिओवर एक मालिका सुरू झाली, 'निळ्या धुळीचा ग्रह'. पृथ्वीवरची माणसं दूरच्या एका ग्रहावर राहायला जातात. तिथं हवा नसते. काचेच्या घुमटाखाली वस्ती, हवा यंत्रातून काढायची आणि नळ्यांनी घरोघरी सोडायची. यंत्र ज्यांच्या हातात आहे त्यांना त्या मालिकेत 'वायके' म्हणतात. वायूचे धनी म्हणून वायके. नळीच्या सुरुवातीच्या घरांना हवा भरपूर, शेवटच्या घराला धाप लागेपर्यंत वाट.

मला वाटलं होतं गावात हे कोण ऐकणार? पण गुरुवारी बाया भाकरी लवकर उरकून यायला लागल्या. रुखमाबाई आमच्या शेजारच्या, कापूस वेचून कमरेत वाकलेल्या; त्या मालिका संपली की भीमराजला धरून बसायच्या.

"काहून रे, तिथं यंत्राची माणसं हायेत म्हणतात. त्याइले रोजी भेटते का?"

"नाई, मावशी."

"मंग थे यंत्र नाई. थे आपल्यातलेच हायेत."

अशा प्रश्नांची उत्तरं द्यायची म्हणून तो लिहायला लागला आणि लिहिता लिहिता लेख झाले. 'यंत्रमानवाला रजा असते का', 'त्या ग्रहावर आडनावं का नाहीत', 'काचेबाहेर कोण मेलं', आणि सगळ्यांत मोठा लेख, 'हवा कोणाची?' मी त्याची पहिली वाचक. खरं सांगायचं तर मला आधी हसू आलं. नाटक येतं आणि हवेत विरून जातं, त्याच्यावर पुस्तक कोण लिहितं? पण वाचत गेले तसं हसू मावळलं. पोरगं रेडिओवरच्या गोष्टीबद्दल लिहीत होतं, त्या गोष्टीला सोडून एक ओळ इकडंतिकडं जात नव्हतं, आणि तरी वाचताना माझा पदर मी घट्ट धरला होता.

पुण्यामुंबईच्या प्रकाशकांनी उत्तरसुद्धा पाठवलं नाही. तेव्हा त्यानं स्वतःच छापायचं ठरवलं. यवतमाळला देवीलाल नावाच्या माणसाचा छापखाना आहे. लग्नसराई संपली की तिथलं यंत्र रिकामं असतं. देवीलालनं विचारलं, प्रकाशक म्हणून कोणाचं नाव घालू? "माझंच." आणि पत्ता? भीमराज म्हणाला, "कडुनिंबाखाली, राळेगाव." तसंच छापलं आहे.

त्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला पुंडलिकराव आहेत. शुद्धलेखनाचे कडक. आमच्याकडं बोलताना ळ चा य होतो. डोळ्याला डोया म्हणतात, काळजीला कायजी. खेड्यातून लग्नपत्रिका येतात त्यात कमयाबाई आणि गोपायराव असतात. पुंडलिकराव कोणाला न विचारता कमळाबाई आणि गोपाळराव करून टाकतात, आणि लोक खूश होऊन जातात. पहिल्या सोळा पानांचं प्रूफ भीमराजनं पाहिलं. एक चूक सापडली नाही. पुढचं पाहायला जायचं त्या आठवड्यात नाल्याला पूर, एस्टी बंद. त्यानं निरोप धाडला, पुंडलिकराव आहेत तर मला पाहायचं कारण नाही, छापून टाका.

पुस्तकं आली ती गोणपाटात बांधून. वस्तीतली पोरंसोरं भोवती. त्यानं गाठ सोडली, वरची प्रत घेतली, नाकाला लावली, आणि मधूनच उघडली. मी त्याच्याकडं पाहत होते. चेहरा हळूहळू उतरत गेला.

"काय झालं?"

त्यानं पान माझ्यापुढं धरलं. 'हवा कोणाची?' या लेखातली ओळ: "वाळके हवा कोंडून धरतात आणि शेवटच्या घरानं धाप टाकत त्यांचे आभार मानावे अशी अपेक्षा करतात."

वाळके. पान उलटलं, वाळके. पुढं, वाळके. जिथं जिथं वायके होतं तिथं तिथं वाळके.

राळेगावच्या बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. नानाजी वाळके हे इथल्या जिनिंग कारखान्याचे मालक. कापूस त्यांचा, गाड्या त्यांच्या, वेचणीच्या बाया कोणाच्या शेतात जातील ते त्यांच्या माणसानं ठरवायचं. पंचायतीत ते कुठल्याच पदावर नाहीत. पण बैठक ते आल्याशिवाय सुरू होत नाही. आवाज चढवताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही. ज्या दोघांचं त्यांच्याशी बिनसलं, त्यांनी गाव का सोडलं ते कोणी नीट सांगत नाही.

आम्ही दोघं तशीच यवतमाळला गेलो. पुंडलिकरावांनी चष्मा कपाळावर नेला.

"वायके असं आडनाव असते का बाई कुठं? वाळके असते. म्हटलं पोरगं वऱ्हाडी लिहून राह्यलं, आपण सुधारून देऊ."

"आडनाव नाही हो ते," भीमराज म्हणाला. "त्या ग्रहावर आडनावं नाहीत. तेच तर लिहिलंय मी."

"थे पान मी जुळवलं," पुंडलिकराव पडलेल्या आवाजात म्हणाले. "पण जुळवताना अर्थ पाहाचा नसते भाऊ, अक्षर पाहाचं असते."

पुन्हा छापणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, शुद्धिपत्र लावू. पुंडलिकरावांनी बिचाऱ्यांनी उभ्याउभ्या चिठ्ठ्या छापून दिल्या: 'वाळके ऐवजी वायके वाचावे.' आम्ही घरी येऊन खळ लावून प्रत्येक प्रतीत पहिल्याच पानावर ती डकवली. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी रुखमाबाई आल्या. त्यांना वाचता येत नाही. "काय चिपकवलं त्याच्यात? वाच बरं," म्हणाल्या. शेजारच्या पोरानं पुस्तक घेतलं आणि वस्तीतली पोरं जसं वाचतात तसं खणखणीत वाचलं:

"वायके ऐवजी वायके वाचावे."

रुखमाबाई डोळे बारीक करून विचार करत राहिल्या. "वायके ऐवजी वायके? थे तं तेच झालं न बाप्पा!"

आणि ओसरीवर जे हसू फुटलं ते थांबेना. बाया एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. भीमराजही हसत होता. मला मात्र हसू आलं नाही, कारण तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. राळेगावात नानाजींना वाळके म्हणतं कोण? पाठीमागं अख्खं गाव त्यांना 'नानाजी वायके'च म्हणतं.

सगळे गेल्यावर मी त्याला विचारलं, "गुरुवारी मालिका सुरू असताना लोक मधेच हसायचे, ते याच्यासाठी?"

"तुले माहीत नव्हतं? पारावरचेही हासत. तोंडावर टॉवेल धरून."

"म्हणजे तू लिहिलंस तेव्हा तुला ठाऊक होतं."

"आई, रेडिओवर वायके म्हणतात, मी वायके लिहिलं. लोकाइच्या कानात दुसरं कोण उभं राह्यते, थे मी काहून लिहू? अन् काहून खोडू?"

त्यानंतर जे सुरू झालं त्यात आरडाओरडा कुठंच नाही. असता तर मला बरं वाटलं असतं.

पहिल्यांदा लालसिंग आला. नानाजींचा माणूस, उंचापुरा, पायांत करकरणारे जोडे. ओसरीच्या खाली उभा राहून म्हणाला, "मालकानं सांगतलं, जेवढे पुस्तकं असतीन तेवढे द्या." पैसे काढून ठेवले आणि गठ्ठे उचलून बैलगाडीत भरले. भीमराजनं विचारलं, इतकी कशाला? "वाचाले," लालसिंग म्हणाला, आणि हसला नाही. आधीच हातोहात गेलेल्या काही प्रती तेवढ्या वस्तीत आणि पारावरच्या घरांत राहिल्या.

मग वेचणीला आमच्या वस्तीच्या बायांना बोलावणं येईना. कापूस फुटून पांढरा झालेला, लोंबायला लागलेला, आणि दुसऱ्या गावाहून गाडी भरून बाया आणल्या. रुखमाबाईंनी मुकादमाला कारण विचारलं. तो म्हणाला, "तुमच्या नळीत हवा नाई म्हणते मावशी."

मग पंचायतीचा रेडिओ दुरुस्तीला गेला. बिघडला नव्हता. कुठं गेला विचारलं, तर जिनिंगवर, तिथं मेकॅनिक आहे. कडुनिंबाच्या फांदीला कर्णा बांधायची तार तेवढी लोंबते आहे. गुरुवारी लोक सवयीनं आले, बसले, आणि उठून गेले. पारावरचे कोणी दगडांकडं पाहिनात.

आणि सायकल. पंचायतीसमोर उभी केलेली सायकल संध्याकाळी बिनहवेची मिळते. ट्यूब फाडलेली नसते, काही मोडलेलं नसतं. दोन्ही व्हॉल्व्ह काढून सीटवर शेजारीशेजारी ठेवलेले असतात, सुपारी मांडावी तसे. भीमराज ते खिशात टाकतो, सायकल ढकलत घरी आणतो, पंप मारतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणून घंटी नाही. पाठीमागं कोणाची पावलं वाजतात का, ते ऐकत येत असणार. हे त्यानं मला सांगितलेलं नाही, पण मी आई आहे.

मी इथल्या शाळेत मास्तरीण आहे; आज दुपारी शाळा सुटताना नानाजी स्वतः आले. जीप फाटकापाशी थांबली. मुली बाजूला झाल्या. मी पुढं गेले. त्यांनी खाली उतरून नमस्कार केला. आमच्या माणसाला असा नमस्कार करताना त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मास्तरीणबाई, पोरगं हुशार हाय तुमचं."

"आपली कृपा."

"पुस्तक पूर्ण पाह्यलं. बम अभ्यास केला त्यानं. उद्या जिनिंगच्या बंगल्यावर सत्कार करतो म्हणतो त्याचा. साताले पाठवा."

जिनिंग कळंबच्या रस्त्यावर, गावापासून लांब, दोन्ही अंगांना नुसतं कापसाचं रान. तिकडून परतणारी शेवटची एस्टी सहाला निघते. मी म्हटलं, "आम्ही दोघं येतो मग."

"नाई, त्याले एकट्यालेच पाठवा. गर्दीत पुस्तकावर बोलणं होत नाई. काही जागा मले समजल्या नाईत, त्या विचारीन त्याले."

मी धीर करून म्हटलं, "नानाजी, छपाईत एक चूक राहिली होती. पहिल्याच पानावर शुद्धिपत्र लावलेलं आहे. ते आपण पाहिलं असेल."

"हाव न. चष्मा नव्हता तं लालसिंगाकून वाचून घेतलं." ते जीपमध्ये बसले. "थो आपला वऱ्हाडीच वाचते."

जीप गेल्यावर धूळ बराच वेळ तरंगत होती. शाळेतली एक मुलगी माझ्याकडं पाहत म्हणाली, "बाई, तुमाले पानी आणू का?"

संध्याकाळी भीमराज चेन टिकटिकत आला. सांगितलं. तो सत्काराला जाणार म्हणतो.

"जाऊ नकोस."

"न गेलो तं सारे म्हणतीन, भेला."

"म्हणू देत. नाहीतर मी जाऊन सांगते, पुंडलिकरावांना आणून उभं करते. पोराच्या मनात काही नव्हतं, खिळे जुळवणाऱ्याची चूक, पुस्तक मागं घेतो."

तो भाकरी मोडायचा थांबला. "आई, चूक खिळ्याची हाय, हे खरं हाय. पण माह्या मनात काही नव्हतं, हे तू कायले म्हणशील? शेवटच्या घरातली माणसं पयल्यांदा हासली व आई. रुखमामावशीले मी आता काय सांगू, तुह्या हासण्यात चूक झाली म्हणून?"

मी शिकलेली बाई, त्याच्या लेखाची पहिली वाचक, आणि मी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. त्यानं जेवण केलं, सायकलला हवा भरली, झोपला. उद्या सातला जायचं म्हणून सदरा खुंटीवर लावून ठेवला आहे. दीक्षेच्या वेळी त्याच्या मापाला मोठा शिवलेला, तो पांढरा. आता आखूड होतो, बाह्या मनगटाच्या वर जातात.

हे सगळं लिहीत इथवर आले आणि कंदिलाची काच काळी झाली. किती वेळा मनात आलं, फौजदाराकडं जावं. पण फौजदार विचारेल, नक्की काय झालं? आणि मी काय सांगू? पुस्तकं विकत घेतली. रेडिओ दुरुस्तीला नेला. नमस्कार केला. सत्कार करतो म्हणाले.

सारखी त्या सत्कार शब्दापाशी अडते आहे. एवढं वाईट करायचं तर त्यांना एवढा चांगला शब्द घ्यावा लागला. मग तोच धरावा.

पोस्टात फोन आहे. पोस्टमास्तर सदाशिवराव फोनवर बोलायला लागले की बाजारातला माणूस मान वळवतो. गावात थट्टा आहे की सदाशिवरावांना तारेची गरजच नाही. लाइन इतकी खरखरते की जो बोलेल त्याला ओरडूनच बोलावं लागतं. मला आजवर त्याची लाज वाटायची. घरचं बोलणं अख्ख्या बाजारानं ऐकावं हे मला पटत नसे, म्हणून मी तिथून कधी फोन केला नाही.

उद्या बाजाराचा दिवस आहे. सकाळीच बैलगाड्या सुटतील, पोस्टासमोर बाया भाजी मांडून बसतील, पारावरचे शेतकरी आणि आमच्या वस्तीचे लोक सगळे तिथंच असतील. जिनिंगवर फोन आहे. नानाजी सकाळी तिथं बसतात.

चूक झाली हे मी फोनवर सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही. तारेतून ळ आणि य कोणाला वेगळे ऐकू येणार! मी आभार मानणार आहे. म्हणेन, नानाजी, भीमराज थूलची आई बोलते आहे. माझ्या मुलाचा तुम्ही सत्कार करता आहात, आमच्या वस्तीला एवढा मान आजवर कोणी दिलेला नाही. असा मान बंद बंगल्यात घेतला तर लोक मला विचारतील, आम्ही काय पाप केलं होतं? म्हणून सत्कार आजच, पण दिवसाउजेडी, बाजार भरलेला असताना कडुनिंबाखाली करा. पुस्तकात पत्ताही तोच आहे. खुर्ची मी शाळेतून आणून ठेवते. येताना पंचायतीचा रेडिओ तेवढा घेऊन या, दुरुस्त झाला असेल. आणि तुम्हाला न समजलेल्या जागा भीमराजला सगळ्यांसमोर विचारा.

ते हो म्हणाले तर बाजार ऐकेल. नाही म्हणाले तर सदाशिवराव मला मोठ्यानं विचारतीलच, "काय म्हणले?", आणि मी तितक्याच मोठ्यानं सांगेन. तेवढ्यानं तो वाचेल की नाही, मला माहीत नाही. लालसिंग आणि रान, दोन्ही उद्याही असतील आणि परवाही. पण नानाजी त्याला कुठं बोलावत होते आणि केव्हा, हे उद्या दहा वाजेपर्यंत राळेगावात आम्हा दोघांच्याच पोटात असणार नाही.

भीमराजला मी विचारलेलं नाही. तो सकाळी चिडेल. चिडू दे. मी मघाशी उठून त्याच्या अंगावर चादर घातली आणि मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं: नमस्कार, नानाजी वाळके का? ळ अगदी स्वच्छ म्हणणार आहे मी, नागपुरात शिकलेली बाई म्हणते तसा. ऐकणाऱ्यांना जे ऐकायचं ते ते ऐकतील.

पोस्ट उघडलं की पहिला फोन माझा.